मारेगावला नेलेली रेघ

वर्ध्याला गाडीतून उतरून यवतमाळची एसटी धरली. कळंबला निम्मी बस चिंतामणीच्या दर्शनाला रिकामी झाली. मी पिशवीतला कागद चाचपून पाहिला. यवतमाळला बस बदलली. पुढे दोन्हीकडे वेचणीला आलेली कपाशी. दिवसभरात माझ्याशी बोलला तो फक्त कंडक्टर. "एकच काय?" "एकच."

कागदावर एका क्वासारचा, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेच्या झगझगीत गाभ्याचा वर्णपट होता. गाभ्यातून उसळणारा वायू वाटेत उजेड गिळतो, तिथे काळी रेघ पडते. ती किती सरकली यावरून वायूचा वेग कळतो. अशा एका रेघेवर मी तीन वर्षं घालवली. आपल्या हवेतली वाफही रेघा पाडते. म्हणून त्याच रात्री शेजारचा साधा तारा टिपून हवेच्या रेघा वजा करायच्या असतात. मी आळसानं दुसऱ्याच रात्रीचा तारा वापरला. माझी विद्यार्थिनी वैशाली हे बोलली, तेव्हा मी तिला सगळ्यांदेखत झापलं. ती संशोधन सोडून मारेगावला, आपल्या गावी परतली. रेघेवरचा शोधनिबंध मी तसाच छापला. गेल्या आठवड्यात कळलं, तिचंच खरं होतं. फोनवर माफी मागून मोकळं होणं बरं वाटेना.

तिच्या घरी पुढची खोली छतापर्यंत कापसानं भरलेली.

"सर? एवढ्या दूर कायले आले?"

"रेघ आपल्या हवेचीच निघाली. चुकलो मी." कापसात आवाज बसतो. माझे शब्द मलाच बारीक ऐकू आले.

ती कागद पाहत राहिली. "पेपरात माझं नाव होतं?"

"नाही."

"बरं झालं. चुकीच्या पेपरात कोण नाव लावते!" ती हसली, मग डोळे पुसले. "तवा लय रडलती मी, सर."

तिच्या आईनं भाकर आणि सोलेभाजी (ओल्या तुरीच्या दाण्यांची) वाढली. मी म्हणालो, "परत ये."

"नाही जी. पोरायले शिकवून राह्यली, रमली मी इथं."

स्टँडवर सोडायला आली तेव्हा म्हणाली, "पोचले की फोन करा."

पुण्यात घराचं कुलूप काढलं. शोध गेला, तीन वर्षं गेली; वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. अब्जावधी वर्षं चालत आलेल्या उजेडाची वाट मी तपासली, आणि शेवटचे, आपल्या हवेतले चार कोस तेवढे विसरलो. बायको गेल्यापासून मला पोचल्याचं कळवायला कोणी सांगितलं नव्हतं. चपला न काढता दारातूनच फोन लावला.