मयत भाषेची वारसनोंद

कडेगावच्या तहसील कचेरीसमोर अर्ज लिहिण्याचे माझे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले. परंतु माझ्या अर्जातला ‘सबब’ चुकीच्या जागी पडला, असे आजवर एकाही साहेबाने म्हटलेले नाही. त्यामुळे साखर कारखान्याचा संगणकवाला मजकडे आला याचे मला नवल वाटले नाही.

गृहस्थ नागपंचमीच्या नागांसाठी प्रसिद्ध असलेल्या शिराळ्याचा, पन्नाशी उलटलेला. उसाच्या तोडीचा क्रम लावणारा प्रोग्रॅम त्याने तरुणपणी फॉक्सप्रो नावाच्या भाषेत लिहिला होता. आता पुण्याची एक कंपनी तेच काम पायथन भाषेत करून देणार होती आणि याची रवानगी गेटवर, ट्रॅक्टरच्या पावत्या फाडण्यास.

“फॉक्स म्हंजे कोल्हा, पायथन म्हंजे अजगर,” तो म्हणाला. “आवं, आमचा कोल्हा उसात बरा हुता. ह्यांनी अजगर आणून सोडला.”

“शिराळ्याचा माणूस सापाला भितो?”

“सापाला न्हाई भीत. गेटावरच्या धुळीला भितो. दमा हाय मला.”

कंपनीच्या इंजिनिअरने त्यास तोंडावर सांगितले होते, “काका, तुमची भाषा मेली.” या लोकांची रीतच तशी. दर काही वर्षांनी एक भाषा मारायची आणि तिच्या तेराव्यालाच नवीचे पेढे वाटायचे. आमची अर्जाची भाषा साहेब बदलले, सरकारे बदलली, तरी जागची हललेली नाही.

मेली, हा शब्द मात्र मला उपयोगी पडला. मयतामागे वारसनोंद आलीच. चेअरमनसाहेबांच्या नावे मी लिहिले: “सदर भाषा मयत असल्यास तिची वारस, म्हणजे नवी भाषा, अद्याप अज्ञान, अर्थात अल्पवयीन आहे. तिने एकही गळीत हंगाम पाहिलेला नाही. सबब ती सज्ञान होईपर्यंत अर्जदारास तिचा पालनकर्ता नेमावे.”

चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये अर्ज मी स्वतः वाचून दाखवला. तिथे बसलेला इंजिनिअर हसला.

“अहो, इथं वारस वगैरे नसतं. जुनं काढायचं, नवं टाकायचं.”

“जुन्यातली माहिती तरी घेणार ना?” मी विचारले.

“ती घ्यावीच लागेल. काका समजावून सांगतील.”

“म्हणजे मयताची इस्टेट पाहिजे, सुतक नको.”

चेअरमनसाहेबांची निम्मी हयात भाऊबंदांशी वाटणीचे दावे लढण्यात गेलेली. त्यांनी चष्मा काढला.

“मग काका गेटावर बसून कसं समजावतील रं?”

अर्जावर शेरा पडला: नवा प्रोग्रॅम सुरळीत चालेपर्यंत अर्जदार संगणक विभागातच.

बाहेर येताच संगणकवाला म्हणाला, “लय झालं बघा. उद्याच बसतो आन् त्या पोराला समदं सांगून टाकतो.”

मी त्यास तिथेच थांबवले. “सांगा, पण सावकाश. वारस अज्ञान आहे तोवरच पालनकर्त्याला खुर्ची असते.”