माळवस्तीचं रविवारचं दूध

अर्धी ज्वारी निवडून झाली होती, अर्धी सुपात तशीच होती. लाइट जायच्या आत दळण गिरणीत पोहोचलं तर दळून मिळतं, नाहीतर उद्यावर जातं, म्हणून मी घाईत होते. तेवढ्यात ज्यांच्या गिरणीत ते न्यायचं ते आसाराम भावजीच दारात आले. माझ्या मालकांचे धाकटे भाऊ. एरवी आले की आधी चुलीवर नजर, चहा आहे का म्हणून. त्या दिवशी उंबऱ्यावरच बसले आणि माझ्या खडे वेचणाऱ्या बोटांकडे बघत राहिले.

"वैनी, माळवस्तीची दुधाची गाडी बंद होणार," ते म्हणाले. "माझ्या पाटीपायी."

मी सूप बाजूला सारलं.

पाटी काय ते सांगायचं तर भावजींपासूनच सांगायला हवं. वस्तू उघडून बघायचा त्यांना लहानपणापासून नाद. सासूबाई सांगायच्या, यांनी एकदा भिंतीवरचं बंद घड्याळ खोललं, परत जोडलं, तर दोन चाकं हातात उरली. घड्याळ मात्र चालायला लागलं. ती दोन चाकं सासूबाईंनी कितीतरी वर्षं देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली होती, कधी लागतील म्हणून. पुढे भावजी वायरमनचं शिकले, मग वडिलांची गिरणी सांभाळायला लागले. दळण चालू असताना मोबाईलवर व्हिडिओ बघून कोड लिहायला शिकले, तेही गिरणीच्या घरघरीत. आवाज ऐकू यायचाच नाही, म्हणून खाली येणारी इंग्रजी अक्षरं वाचत शिकले. त्यामुळे त्यांना इंग्रजी वाचता येतं, बोलता मात्र येत नाही. धारूरच्या एका बंद झालेल्या दुकानातून आणलेला कॉम्प्युटर गिरणीच्या कोपऱ्यात असतो. त्याच्यावर रोज पीठ बसतं आणि भावजी रोज सकाळी तो फडक्यानं पुसतात. आम्ही देव पुसतो तसाच, मन लावून.

लोक सकाळी राशीभविष्य बघतात, हे सरकारी आकडे बघायचे. आपल्या महसूल मंडळात पाऊस किती झाला, धरणात पाणी किती उरलं, कोणत्या गावाला टँकरच्या किती खेपा मंजूर आहेत. सगळं उघड्यावर मांडलेलं असतं म्हणे, बघणारा पाहिजे. त्याचं करता काय, असं मी एकदा विचारलं.

"तुमी रोज माळ ओढता, तिचं काय करता?" भावजी म्हणाले.



हे घडलं ते दुष्काळाचं साल. पाऊस पोळ्याआधीच पाठ फिरवून गेला होता आणि दिवाळीला विहिरींचे तळ दिसत होते. भावजींना परळीच्या भंगारात लाल दिव्यांची एक धावती पाटी मिळाली, कुठल्याशा साडीच्या दुकानाची. ती दुरुस्त करून त्यांनी गिरणीच्या कपाळावर लावली आणि टँकर कधी येणार ते तिच्यावर दाखवायला सुरुवात केली. पहिले काही दिवस मजकूर काही असो, शेवटी 'सेल' हा शब्द आल्याशिवाय राहायचा नाही. टँकर दुपारी, सेल. टँकर उद्या, सेल. लोक हसायचे, पण वाचायचे.

पाटीवर दोन खेपा लिहिलेल्या आणि आली एकच, असंही व्हायला लागलं. सरकारी यादीत दोन होत्या, भावजींनी दोन लिहिल्या. आमच्या शेजारच्या दगडाबाई रिकामा हंडा घेऊन थेट गिरणीत गेल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या पाटीतलं पाणी ह्याच्यात वत." त्या दिवसापासून भावजींनी गिरणीच्या दाराशी एक बटण लावलं. टँकर खरोखर आला की ज्या बाईचा हंडा पहिला भरेल तिनं ते दाबायचं. मग पाटीवर 'आला' असं यायचं. बायका भांडून भांडून ते बटण दाबायच्या.

मग आमच्या दूध सोसायटीचे चेअरमन मोहनराव आले. मी पण त्या सोसायटीची सभासद आहे, आमची एक म्हैस आहे. जिल्ह्याच्या दूध संघानं त्या वर्षी सगळ्या केंद्रांचे रोजचे आकडे इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली होती. आपल्या गावातल्या आणि वस्त्यांवरच्या दुधाची सरासरी पाटीवर दाखव, म्हणजे लोकांत चुरस लागेल, असं मोहनराव म्हणाले. भावजींना हुरूप आला. दोन दिवसांत पाटी दुधाचं बोलायला लागली. गावठाण पहिलं आणि माळवस्ती तळाला, फार खाली.

माळवस्ती म्हणजे डोंगराच्या अंगावरची जनावरं राखणाऱ्यांची घरं. त्यांना त्या पाटीपायी बोलणी खावी लागली. डेअरीवर कोणी म्हणायचं, गाई राखता का शेळ्या. कोणी म्हणायचं, दूध बाहेर कुणाला घालता, सांगा तरी. मोहनरावांनी कौतुकानं पाटीचा फोटो काढून संघाच्या साहेबांना पाठवला, बघा आमचं गाव किती पुढं आहे म्हणून. साहेबांनी फोटो बघितला. डिझेल वाचवायचं म्हणून कमी दुधाच्या वस्त्यांना गाडी पाठवायची नाही, असं संघात तेव्हा चाललंच होतं. माळवस्तीचं नाव त्यात पडलं. पुढच्या सोमवारपासून गाडी वर जाणार नव्हती.

हे सगळं भावजींनी उंबऱ्यावर बसून सांगितलं. गाडी बंद म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. वस्तीवरची धडधाकट माणसं उसाला गेली होती, पार कर्नाटकात. मागं राहिल्या म्हाताऱ्या आणि लेकरं. दुधाचे कॅन घेऊन ती चढण उतरणार कोण? दूध जाणार नाही तर पेंड कशातून आणायची? आधीच दुष्काळ, त्यात पेंड नाही म्हटल्यावर जनावरं बाजारात उभी करावी लागली असती. आणि उसावरून माणसं परतली की दावणी रिकाम्या.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

ते म्हणाले, आकड्यांत काहीतरी खटकतंय. माळवस्तीचं दूध कित्येक दिवस चांगलं दिसतं आणि मधेच एकदम शून्य. वजनाचा काटा बिघडला असणार. उद्या वर जाऊन बघतो. पण एकट्यानं जायला तोंड नव्हतं, म्हणून मला सोबत चला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी देवपूजा आटोपून आम्ही वर गेलो. बायनाबाई गाईपुढे कडबा टाकत होत्या. वस्तीवरचं दूध गोळा करून मापून घ्यायचं काम त्यांच्याकडे असतं. मुलगा आणि सून उसाला, घरात त्या आणि दोन नातवंडं. पाटीचं त्यांना कळलं होतं, पण त्यांनी आधी पाणी दिलं. त्या दिवसांत पाणी देणं म्हणजे लहान गोष्ट नव्हती. भावजींनी काटा उघडला, तारा तपासल्या, दगड ठेवून वजन केलं, पाण्याचा तांब्या ठेवून केलं. काटा चोख होता. भावजींचं तोंड उतरलं.

"काय शोधतोस रे?" बायनाबाईंनी विचारलं.

"मावशी, ह्यो काटा मधीच बंद पडतो का?"

"न्हाई बा. कावून?"

भावजींनी मोबाईल काढला आणि मागच्या महिन्यातले शून्याचे दिवस वाचून दाखवायला लागले. रविवार. अमावस्या. मग लागून सहा दिवस. मग पुन्हा रविवार. ते वाचत होते आणि बायनाबाई माझ्याकडे बघत होत्या. मला तिसऱ्या दिवसालाच उमगलं होतं, पण बोलायचा मान त्यांचा.

"आसाराम, चंपाषष्ठीला तुझ्या घरी खीर झालती का?"

"झालती."

"दूध कुठलं होतं?"

बायनाबाईंनी कोपऱ्यातली चरवी पुढं ओढली.

"ह्या चरवीतलं. मी सोता आणून दिलतं. दोन वाट्या खाल्ल्यास आन तिसरी मागितलीस. आता म्हणतोस शून्य."

रविवार खंडोबाचा, त्या दिवशीचं दूध माळवस्तीवर कोणी विकत नाही. अमावस्येचंही नाही. आणि मार्गशीर्षातले चंपाषष्ठीपर्यंतचे देवाचे सहा दिवस तर नाहीच नाही. त्या दिवसांचं दूध देवाला, लेकरांना आणि गावात घरोघरी. त्यांच्या पणज्यापासूनचा नेम आहे. संघानं सरासरीसाठी धरला होता तो नेमका तोच महिना.

उतरताना भावजी मधेच एका दगडावर टेकले. मग म्हणाले, "मला ठावं होतं, वैनी. अख्ख्या गावाला ठावं हाय. म्हणूनच मशीनला सांगायचं सुचलं न्हाई."

त्या संध्याकाळी मी पंचांग घेऊन गिरणीत बसले. मी तिथी वाचत होते आणि भावजी त्या कॉम्प्युटरमध्ये टाकत होते. देवाचे दिवस वेगळे काढायचे आणि उरलेल्या दिवसांनीच भागायचं, असं त्यांचं चाललं होतं. अधिक महिना कसा येतो ते समजावताना माझी दमछाक झाली. शेवटी ते म्हणाले, हे ज्यानं बसवलं तो लई मोठा कोडवाला असणार. नवा हिशेब झाला तेव्हा माळवस्ती तळातून वर आली. पहिली नाही आली, मधोमध आली. पण गाडी चालू ठेवायला संघानं आखलेल्या रेघेच्या वर.

मोहनराव बघायला आले. फोटो त्यांनीच पाठवलेला, त्यामुळे चिडले होते. "काय बे, आकडे संघाचे हायेत म्हणत होतास ना?"

"आकडे खरेच होते," भावजी म्हणाले. "भागाकार माझा."

आणि त्यांनी पाटीवर तसं लिहिलंही: माळवस्तीची सरासरी चुकली होती, चूक गिरणीवाल्याची. दिवसभर ते लाल अक्षरांत धावत होतं. आमच्या जाऊबाईंना, म्हणजे भावजींच्या बायकोला, ते काही आवडलं नाही. लोक काय म्हणतील, असं म्हणत होत्या. लोक काही म्हणाले नाहीत. दगडाबाई तेवढ्या म्हणाल्या, आता पाटी माणसात आली.

संघाचे साहेब शनिवारी सोसायटीत आले. तरुण माणूस होता, नीट ऐकून घेणारा. भावजींनी नवा हिशेब दाखवला. साहेब म्हणाले, मला पटतंय, पण महिन्याच्या दुधाला महिन्याच्या सगळ्या दिवसांनी भागायचं असा नियम आहे. एका वस्तीला सूट दिली की उद्या सगळ्या मागतील. बोलणं तिथंच अडलं. बायनाबाई दाराशी बसल्या होत्या, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून उतरून आलेल्या. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मी मनात वैजनाथाचं नाव घेत होते.

तेव्हा दुधाच्या गाडीचे ड्रायव्हर आप्पाराव मागून म्हणाले, "साहेब, मी दर रविवारी रिकामी गाडी वर नेतो आन रिकामी खाली आणतो. डिझेल त्या दिवशी पण जळतंच."

साहेबांनी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं?

"रोज जायचं अशी ऑर्डर हाय, म्हणून जातो. इचारलं कुणी?"

भावजींनी लगेच धागा पकडला. देवाच्या दिवशी गाडी वर पाठवूच नका, तेवढं डिझेल वाचेल. आणि ज्या दिवशी गाडीच गेली नाही तो दिवस सरासरीत कसा धरायचा? साहेब उठून बाहेर गेले, फोनवर बराच वेळ बोलले. आत येऊन म्हणाले, पाडव्यापर्यंत करून बघू. मात्र त्या दिवसांसाठी वस्तीनं आधी अर्ज करून परवानगी घ्यायची.

"परवानगी मागायची न्हाई मी," बायनाबाई म्हणाल्या. "देवाचा दिवस हाय. आधी सांगून ठिवीन म्हणा."

"तेच ते, आजी."

"तेच न्हाई. साहेब, तुमाला रविवारी सुट्टी असती का?"

"असते."

"मग त्या दिवशी साहेब आटला म्हणायचं का?"

सगळी सोसायटी हसली. मोहनराव तर मांडी थोपटून हसले. साहेबांनाही हसू आवरलं नाही आणि त्यांनी 'परवानगी' खोडून 'पूर्वसूचना' लिहिलं.

सोमवारी गाडी वर गेली. मंगळवारीही गेली. तो दुष्काळ काही त्यानं हटला नाही. पाऊस यायचा तेव्हाच आला आणि पाण्यासाठी पुढेही पुष्कळ वणवण झाली. पण उसावरची माणसं परतली तेव्हा माळवस्तीच्या दावणी भरलेल्या होत्या. बायनाबाईंच्या सुनेनं गाईच्या गळ्यात हात टाकला, ते मी डोळ्यांनी बघितलं.

भावजी आता रोज एकदा तरी वर जातात. आकड्यात काही वेगळं दिसलं की आधी जाऊन विचारतात, मग पाटीवर घालतात. परवा बायनाबाईंनीच त्यांना काम लावलं. गाडी कधी लवकर येते, कधी उशिरा. म्हाताऱ्या दूध घेऊन उन्हात ताटकळतात आणि दूध नासायला होतं. पाटी काय वस्तीवरून दिसत नाही आणि दिसली तरी आम्हाला वाचता येत नाही, त्या म्हणाल्या. आवाजाचं काहीतरी कर. गाडी गावातून निघाली की वर कळलं पाहिजे.

उद्या गुरुवार. सकाळच्या एसटीनं आसाराम भावजी परळीला चाललेत, माळवस्तीसाठी भोंगा आणायला.