मान पहिला, पण साहेब कोण?

"रोम सगळ्यांच्या वर दिसणार असेल, तर माझं चर्च या एक्झिबिशनमध्ये नाही," फादर निकोस म्हणाले आणि कोट उचलून उभे राहिले.

"आणि रोम बाकीच्या चौघांच्या ओळीत बसणार असेल, तर माझंही नाही." फादर टॉम बसूनच होते. त्यांचा गुडघा दुखत होता.

२००४ साल. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही प्रदर्शनांसाठी टच-स्क्रीन बनवायचो. फादर टॉम कॅथलिक, फादर निकोस ग्रीक ऑर्थोडॉक्स. दोघं जुने दोस्त, एका बोटीतून मासे पकडायला जाणारे. दोन्ही पंथ एकत्र होते त्या काळाचं एक प्रदर्शन मिळून करायचं, हे त्यांचं कित्येक वर्षांचं स्वप्न. आणि लीड म्हणून माझा हा पहिलाच प्रोजेक्ट. आता दोन्ही बुडायच्या बेतात होती.

कारण होता माझा ऑर्ग चार्ट. म्हणजे कोण कोणाचा साहेब ते दाखवणारी आकृती. जुन्या चर्चची पाच मोठी पीठं होती: रोम, कॉन्स्टँटिनोपल, अलेक्झांड्रिया, अँटिओक आणि जेरुसलेम. सॉफ्टवेअरला वर एकच चौकोन हवा होता. मी बिनधास्त तिथे रोम टाकलं. रोमचे पोप पहिल्या दिवसापासून सगळ्यांचे साहेब, असा माझा समज.

मी आमच्या मालकांकडे, नाईक काकांकडे धावले.

"अगं, शनिवारी ओपनिंग आहे. कोणाला तरी वर टाक आणि डिलिव्हर कर!"

"काका, कोणालाही टाकलं तरी एक जण कॅन्सल करतोय."

"मग कॉफी दे त्यांना. तोवर विचार कर."

कॉफी ओतताना मी विचारलं, "फादर निकोस, रोमला काहीच मान नव्हता का?"

"मान होता की! पीटर आणि पॉल या येशूच्या प्रेषितांच्या समाध्या तिथे. पहिला मान रोमचाच. पण हुकूम नाही."

मी पुण्याची. माझी ट्यूब पेटली. "म्हणजे आमच्या मानाच्या पाच गणपतींसारखं! विसर्जनाला पहिल्याच्या पुढे कोणी जात नाही. पण दुसऱ्यांनी मांडव कसा घालायचा, हे पहिला सांगत नाही."

फादर निकोस यांनी टेबलावर थाप मारली. "हेच! अगदी हेच!"

"आणि भांडण झालं तर?" फादर टॉमनी शांतपणे विचारलं. "जातात कोणाकडे?"

"पोलीस कमिशनरकडे," मी खरं ते सांगितलं.

दोघंही इतके हसले की काका केबिनमधून बाहेर आले.

"पूर्वेला आमचा कमिशनर होता. सम्राट!" फादर निकोस डोळे पुसत म्हणाले.

"आणि पश्चिमेला तो उरला नाही," फादर टॉम म्हणाले. "मग लोक रोमकडेच यायला लागले. निवाड्याला, मदतीला, पुढे राज्याभिषेकालासुद्धा. येशूने पीटरला दिलेला अधिकार आमच्याकडे आधीपासून होता, असं मी मानतो."

"मी मानत नाही," फादर निकोस म्हणाले. पण एव्हाना कोट पुन्हा खुर्चीवर होता.

"मग कोणाचं खरं ते दाखवायलाच नको," मी म्हटलं. "कोणत्या काळात कोण कोणाकडे जात होतं, एवढंच दाखवते. चालेल?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना डोलावल्या.

वरचा चौकोन मी काढूनच टाकला. पाचही एका ओळीत, रोम पहिलं. रोमपासून पूर्वेच्या चौघांकडे आणि पश्चिमेच्या देशांकडे मानाच्या तुटक रेघा; ठळक रेघ म्हणजे हुकूम. खाली काळाची पट्टी. ती बोटाने मध्ययुगाकडे सरकवली की पश्चिमेतली तुटक रेघ हळूहळू ठळक व्हायची आणि पूर्वेतल्या पुसट होत जायच्या. ते चालताना पाहून मला नाचावंसं वाटलं.

शनिवारी रिबन कापायची वेळ आली. फादर निकोस यांनी कात्री फादर टॉमच्या हातात दिली. "पहिला मान तुमचा." आणि स्वतःचा हात त्यांच्या हातावर ठेवला. "हुकूम मात्र नाही."

सगळा हॉल हसला. मी हसता हसता रडले.

तेव्हापासून ऑर्ग चार्ट काढताना साहेब कोण, हे मी आधी विचारत नाही. भांडण झालं की जाता कोणाकडे, हे विचारते. आमच्या ऑफिसात त्याचं उत्तर नाईक काका नव्हते. अकाउंट्स बघणाऱ्या नाईक काकू होत्या.