बियाला ठेवलेलं वाळूक

वडिलांना वाळूक खायचं होतं. बाजारातलं नाही, आईच्या बियाचं. आई गेल्यापासून वर्षभरात त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट. त्यांना जरा चालता येऊ लागल्यावर, दिवाळीनंतर, आम्ही नांदेडहून आईच्या माहेरी निघालो. गाव शिरूर अनंतपाळच्या पुढे.

वाळूक काकडीच्या जातीचं, आंबूसगोड. आई माहेरचं बी नांदेडच्या अंगणात दरवर्षी लावायची. वेलावरचं सगळ्यात चांगलं फळ ती खाऊ द्यायची नाही. त्याला जुन्या साडीची चिंधी बांधायची. चिंधी म्हणजे ते बियाला ठेवलंय, हात लावायचा नाही. ती गेली तेव्हा वेल भरात होता. पुण्यानुमोदनाला घर पाहुण्यांनी भरलं. कुणीतरी फळं तोडली, चिंधीचंही. बी तिथंच संपलं.

सकाळची लातूर गाडी बरी. बायकांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीपुढे फुकट.

"काका, आधारकार्ड दाखवा," कंडक्टर म्हणाला.

"तोंडावरून कळंना का?"

"तोंड तर या नोकरीत माझंबी तसंच झालंय."

वडील हसले. लोहा, अहमदपूर मागे पडलं. चाकूरला उतरून स्टँडबाहेर सुशीला घेतला. मुरमुरे भिजवून फोडणी दिलेला, गरम. वडिलांनी दोन घास खाऊन ताटली माझ्याकडे सरकवली.

"तिथं खायचंय ना," म्हणाले.

शिरूरला दुसरी गाडी, पुढे ऑटो. गयामावशी, आईची बालमैत्रीण, शेतातच भेटली. सोयाबीन निघालं होतं, तूर उभी होती.

"या दाजी. माझी मैतरीण गेली अन् मग तुम्हाला वाट घावली व्हय?"

"ती आणायची न्हाई मला."

"ती आनायची न्हाई, का तुम्ही यायचे न्हाई?"

मी वाळकाचं विचारलं.

"आता कुठलं? दसऱ्यालाच सरलं." खाणाऱ्यांनी दसऱ्याच्या आधीच यावं, हे मला तेव्हा कळलं. "एकच हाय," मावशी म्हणाली.

ती आम्हाला बांधावर घेऊन गेली. वेल मुळापासून वाळत आला होता, पानं कुरकुरीत. फळाच्या देठाजवळचा वीतभर तुकडा तेवढा हिरवा. फळ अर्धं पिवळं. त्याला निळी चिंधी.

"लहानपणी मी एकदा बियाचंच तोडून खाल्लं," मावशी मला म्हणाली. "तवापास्नं तुझी आई चिंधी बांधायला लागली. आता सगळं गाव बांधतंय."

तिनं विळा काढला. "खा दाजी. बी मी कुणाकडूनबी घेईन."

वडील खाली बसले. फळ त्यांनी तळहातावर घेतलं, वास घेतला. देठ वेलाला तसाच होता.

"पिकलं न्हाई अजून."

"मीठ लावून देते की."

"न्हाई गया. राहू दे."

"पुढच्या साली कुनी बघितलंय, दाजी?"

"म्हणूनच."

मावशीनं विळा कमरेला खोचला. मग तिनं आम्हाला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. वडिलांनी चतकोर खाल्ली.

परतताना ऑटोतून मी बांध बघत होते. सगळीकडे वेल सुकलेले. जिथं फळ उरलं होतं, तिथं चिंधी होती.

महिन्याभरानं गावाकडच्या एकाबरोबर मावशीनं गोवरी पाठवली, शेणात त्या वाळकाचं बी थापून वाळवलेली. ती मी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली. पेरायला पाऊस पडेपर्यंत थांबायचं होतं. वडील आता फारसे उठत नव्हते. त्या दिवशी मात्र उठले, आईचं कपाट उघडलं. वर्षभर त्यांनी त्याला कुणाचा हात लागू दिला नव्हता. एका साडीची पट्टी फाडली, घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"तू बांध," म्हणाले. "आणि पाहुणे येतील तेव्हा सांगून ठेव. चिंधीच्या फळाला हात लावायचा न्हाई."