बोरीवरची अमरवेल

ओली अमरवेल जळायला लागली की तिचा कडवट धूर नाकात जातो आणि राहू गावातले, आमच्या शेजारच्या रानातले चाचा आठवतात. त्यांच्या लसूणघासात ती पिवळी, दोऱ्यासारखी वेल शिरली होती. एक तुकडा राहिला तरी परत पसरते, म्हणून आम्ही दोघं ती वेचून बांधावर जाळत होतो. चाचा म्हणाले, "आमचं मौलवी सांगायचं, इश्क ह्यो शबूद असल्याच एका येलीच्या नावावरनं आलाय. झाडाला बिलगती आन् त्यालाच वाळवती." साठी उलटलेल्या माणसाच्या तोंडी तो शब्द ऐकून मला हसू आलं. बांधावरची बोर तर वेलीनं पार झाकून गेली होती. मी म्हणालो, "चाचा, घासात येती ती हितनंच. पेटवू का?" त्यांनी माझ्या हातातली काडेपेटी काढून घेतली. "नगं. तुझी चाची नवी नवरी हुती तवा. शिरूरची, तिला रानातलं काय ठावं न्हाई. ही येल घासातनं उपटली आन् बोरीवर फेकली. लई बोललो व्हतो तिला." चाचीला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. आता चाचाही नाहीत. ते रान मी वाट्यानं करतो. दरवर्षी घासातली वेल वेचतो, जाळतो. बोरीपाशी गेलो की काडेपेटी खिशातच राहते.