खरं फोल्डर की पाटी

कोणतंही फोल्डर उघडायच्या आधी सर पेनाच्या टोपणानं स्क्रीनवर दोनदा टकटक करायचे आणि शेजारच्याला विचारायचे, "खरं आहे की पाटी?"

सदर भागातल्या त्या ऑफिसात मी झाडलोट आणि चहा करते. शाळा चौथीपर्यंत झाली. कॉम्प्युटरला माझा हात लागतो तो फडक्यासकट. तरी ही पाटी काय ते मला कळलं, कारण त्यांनी एकदा मलाच समजावलं.

"बाई, दुकान हलवलं की जुन्या शटरवर पाटी लावतात ना, दुकान मागच्या गल्लीत गेलं म्हणून? इथंही तसंच. नाव इथं दिसते, सामान दुसरीकडं राहते."

साठीला आलेला माणूस. नंदनवन वस्तीतून जुन्या स्कूटरवर यायचे, चहा बशीत ओतून प्यायचे. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल, दुसऱ्याचं अडलेलं सुटेपर्यंत खुर्चीवरून न उठणारा. साहेबांना त्यांचा हळूपणा खुपायचा. "हे काम आता पोरांचं आहे," असं ते तोंडावर म्हणायचे. सर म्हणायचे, "बरोबर आहे," आणि पुढचं काम हाती घ्यायचे.

ऑफिसात विणकर घरांचं काम चालायचं. साड्यांच्या काठांचे जुने कागदी नमुने यायचे, त्यांचे फोटो कॉम्प्युटरात जायचे. एका दिवशी दुपारी चारला ते विणकर फोटो पाहायला येणार होते. तीन वाजता नवी पोरगी माझ्या ओट्याशी येऊन रडायला लागली. तिला कामाला लागून महिनाच झाला होता. चूक दिसली की घरी, असं साहेबांनी तिला बजावलं होतं.

"मावशी, सगळे नमुने गेले. मीच हलवले होते."

मला धीर देता येत नाही. मी सरांच्या टेबलापाशी जाऊन नुसती उभी राहिले. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि उठले.

"काहून रडून राहिली वं पोरी? काय केलं ते सांग."

कॉम्प्युटर भरला म्हणून तिनं फोटो दुसऱ्या डिस्कवर नेले होते आणि जुन्या जागी पाटी ठेवली होती. तिनं उघडलं तर सगळं दिसायचं. पण पाहुण्यांना ज्या प्रोग्रामात दाखवायचं, त्यात एकही फोटो नव्हता.

सर हसले. "तो प्रोग्राम कंटेनरात आहे. कंटेनर म्हणजे बंद खोली. आपण आत जे फोल्डर देऊ तेवढंच त्याले दिसते. तू त्याले पाटी दिली. पाटी त्यानं वाचली, पण मागच्या गल्लीत जाईन कसा तो? दार कुठं आहे त्याले? खरं फोल्डरच आत दे."

"म्हणजे गेले नाहीत?"

"कुठं जातात? बस, डोळे पूस."

तरी सगळं बंद करून पुन्हा सुरू करण्यात वेळ गेला. विणकर येऊन बसले होते. त्यांच्यातले एक म्हातारे पुनःपुन्हा विचारत होते, "आमच्या बापाचे नमुने हरवले का गा?" साहेबांचा चेहरा उतरला होता. अर्ध्या तासानं पहिला काठ स्क्रीनवर आला, तेव्हा म्हाताऱ्यांनी खुर्ची पुढं ओढली.

पाहुणे गेल्यावर साहेबांनी विचारलं, "फोल्डर कोणी हलवलं?"

पोरगी उठलीच होती. सर म्हणाले, "मी. सांगायचं राहून गेलं."

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही इथंच होत्या ना?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी कप धूत होते."

महिना संपल्यावर साहेबांनी सरांना येऊ नका म्हणून सांगितलं. पोरगी खरं सांगायला निघाली, तर सरांनी तिला दारातच अडवलं. "गप बस वं. माह्यी नोकरी उरली दोन वर्षं. तुह्यी सुरूही नाही झाली."

शेवटच्या दिवशी मी जिना पुसत होते. डबा आणि हेल्मेट घेऊन ते खाली निघाले. "येतो बाई," म्हणाले. मला पुष्कळ बोलायचं होतं, दोन दिवस मनात जुळवून ठेवलं होतं. ते वळणापर्यंत पोचले तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "सर, सांभाळून. पायऱ्या ओल्या आहेत."

"हो हो," म्हणाले, आणि कठडा धरून उतरले.