सुटा कागद

१९८७ च्या मे महिन्यात, सकाळी अकराच्या सुमारास, नाकाडोंगरीजवळच्या एका खाणीच्या कार्यालयात संगणक खोलीच्या प्रमुखाने माझा उजवा हात टेबलाच्या खणात दाबला आणि पायाने खण लोटला. दोन बोटं मोडली.

खोलीत संगणक एक, त्यावर काम करणारे तिघं. पाळ्या वेगळ्या, त्यामुळे भेट होत नसे. प्रोग्रॅममध्ये काय बदललं, कुठे अडलं, ते आधीच्याने जाड पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचं. पुढच्याने वही वाचल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. वही देवाच्या तसबिरीखाली असे. दसऱ्याला तिलाही हळदकुंकू लागे.

मी बौद्ध मोहल्ल्यातला. पहिल्याच दिवशी प्रमुख कार्यालयातल्या सगळ्यांसमोर म्हणाला, "वहीले हात नोको लावू. तू आपला सुट्या कागदावर लिहीत जा. मी उतरवून घेईन." कोणी मान वर केली नाही. मीही नाही. दोन वर्षं मी सुट्या कागदावर लिहिलं.

आमचा प्रोग्रॅम सुरुंगाआधी यादी छापायचा: खड्ड्यात कोण कोण आहे. यादीतले सगळे वर आले की सुरुंग उडे. सोमवारी मला चूक सापडली. आठवड्याच्या मध्ये पाळी बदललेल्याचं नाव गळत होतं. प्रमुखाच्या परवानगीशिवाय दुरुस्ती करता येत नसे. मी कागद लिहिला, त्याच्या हातात दिला.

बुधवारी दुपारी चैतराम नावाचा ड्रिलवाला खड्ड्यातच राहिला. यादीत त्याचं नाव नव्हतं; सुरुंग उडाला. पाय गुडघ्यापासून गेला. माझा कागद मला प्रमुखाच्या टेबलाखालच्या कचऱ्याच्या टोपलीत सापडला. त्यावर भज्यांचं तेल होतं.

गुरुवारी प्रमुखाने स्वतः वही काढली. माझ्यासमोर आपटली.

"लिही. चूक दिसली होती, सांगाची राहून गेली. खाली सही कर."

"आज चालते का माहा हात वहीले?"

त्याने कानाखाली मारली. ओठ फुटला.

"लय बोलून राहिला तू. लिही."

प्रोग्रॅममध्ये टिपणाच्या ओळी घालता येतात. यंत्र त्या ओलांडून जातं, माणसाला वाचता येतात. सोमवारीच मी तिथे चूक, तारीख आणि 'प्रमुखांना कागद दिला' एवढं लिहिलं होतं. तिथे लिहायला मला कोणी मनाई केली नव्हती. बाकीचे फक्त वही वाचत. त्या ओळी मी सकाळीच छापून खिशात ठेवल्या होत्या. तो कागद मी वहीत चिकटवला.

"फाड ते."

"नाही फाडत."

त्यानंतर खण.

वही टेबलावर उघडीच होती. मी डाव्या हाताने चिकटवलेल्या कागदाखाली सही केली. अक्षर वाकडं आलं. पानावर रक्ताचे तीन डाग पडले.

दुपारी चौकशीची माणसं आली. त्यांनी वही ताब्यात घेतली. पानांवर छापील क्रमांक होते; पान जागेवर होतं.

त्या दिवसानंतर मी सुट्या कागदावर एक ओळही लिहिलेली नाही.